पहिले चार बाइट

आमच्या यंत्रांवर चालणाऱ्या छोट्या लिनक्ससाठी पॅकेजची फाइल कशी असावी, हे मी एका दुपारी ठरवून टाकलं होतं. प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली आणि पॅकेजची माहिती एकाच टारमध्ये, वरून जीझिप. इन्स्टॉलर लिहायला सोपा, पॅकेज उघडून बघायलाही सोपं.

दीड वर्षाने सेटिंगच्या फायलींची मांडणी बदलली. जुन्या फायली नव्या मांडणीत आणणारी एक स्क्रिप्ट मी पॅकेजमध्ये घातली आणि ती चालवायला नव्या इन्स्टॉलरला शिकवलं. बाहेर गेलेल्या कित्येक यंत्रांवर मात्र जुनाच इन्स्टॉलर होता. त्याच्या लेखी ती टारमधली आणखी एक फाइल. त्याने ती मुकाट्याने रूट डिरेक्टरीत उतरवली आणि ‘इन्स्टॉल यशस्वी’ अशी नोंद केली. यंत्र रीस्टार्ट झालं, प्रोग्रॅमला नेटवर्कची सेटिंग्ज वाचता येईनात, संपर्क तुटला. पेनड्राइव्ह घेऊन आम्ही एकेका यंत्रापाशी गेलो. पहिल्याच ठिकाणी ती स्क्रिप्ट रूटमध्ये तशीच पडलेली दिसली आणि चूक माझ्या आखणीतच आहे हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

परत आल्यावर डेबियनची डेब फाइल नीट उलगडून पाहिली. हे आधीच करायला हवं होतं. बाहेरून तो ‘एआर’ संग्रह. आत क्रमाने तीन भाग: ‘डेबियन-बायनरी’, मग माहितीचा कंट्रोल टार, मग प्रत्यक्ष फायलींचा डेटा टार. पहिल्या भागात फक्त ‘२.०’ आणि ओळ संपल्याची खूण, एवढे चार बाइट. टिंबाआधीचा आकडा बदललेला दिसला, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने थांबायचं. न वाचता सोडले तरी चालतील असे भाग पुढे वाढवायचे झाले, तर त्यांची नावं अंडरस्कोरने सुरू करायची, हेही ठरलेलं. उबुंटूने २१.१० या आवृत्तीपासून पॅकेजं झेडएसटीडीने कॉम्प्रेस करायला घेतली, तेव्हा डेबियनच्या डीपीकेजी या इन्स्टॉलरला ती उघडता येत नव्हती. पण त्याने तसं स्पष्ट सांगून काम थांबवलं.

तुम्ही फॉरमॅट आखत असाल, तर माहिती आणि माल वेगळे ठेवा, आवृत्ती अगदी सुरुवातीला लिहा. अनोळखी भाग दिसला की नकार द्यायला इन्स्टॉलरला पहिल्या दिवसापासून शिकवा. मागाहून ते जमत नाही, तोवर तो तुमच्या हाताबाहेर गेलेला असतो. आवृत्त्यांची तुलना अक्षरांनी करू नका, नाहीतर १.१० ही १.९ च्या आधीची ठरते. आणि सुरुवातीच्या जागेत काय घालता ते जपून ठरवा: आरपीएम या दुसऱ्या पॅकेज फॉरमॅटच्या तोंडाशी असलेला ९६ बाइटचा भाग आज जवळपास निरुपयोगी आहे, तरी जुन्या प्रोग्रॅमसाठी तो वागवावा लागतोच.

आम्ही नवा इन्स्टॉलर आधी जुन्याच फॉरमॅटच्या पॅकेजमधून सगळीकडे पोचवला. शेवटच्या यंत्राची खात्री झाल्यावरच नवा फॉरमॅट बाहेर सोडला. सर्वांत जुना इन्स्टॉलर असलेलं एक यंत्र आता माझ्या टेबलावर कायम चालू असतं. कुठलंही नवं पॅकेज आधी त्याच्यावर चढवून बघतो, मगच बाहेर पाठवतो.