बंद पडलेली गाडी : संगणकावरील सिग्नल-सरावाचा एक पाठ

संगणकावरील सिग्नल-सरावात गाड्या वेळेवर धावतात, तोवर शिकण्यासारखे थोडेच असते. समजा, पेडगाव व परभणी यांच्यामध्ये एकेरी मार्गावर मालगाडीचे इंजिन निकामी झाले. दोन स्थानकांमधील या टप्प्यास ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम. साहजिकच दोन्हीकडचे सिग्नल लाल राहतात. नवशिका येथेच फसतो. पूर्णा व परळीकडून येणाऱ्या गाड्या तो परभणीत घेतच राहतो. सगळे रूळ भरतात आणि मदतीच्या इंजिनाने मालगाडी ओढून आणली, की तिला ठेवावयास जागा उरत नाही! म्हणून एक रूळ प्रथमच मोकळा राखावा. मागच्या गाड्या मागच्याच स्थानकांवर थांबवाव्यात, उशीर झाला तरी चालेल.

प्रत्यक्षात गार्ड गाडीपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन इशाऱ्याचे फटाके रुळावर लावतो. एकदा मदत मागितली, की इंजिन पुन्हा सुरू झाले तरी चालकाने गाडी परस्पर हलवावयाची नसते. कारण मदतीचे इंजिन त्याच रुळावरून येत असते. सरावात मात्र ‘पुढे’चे बटण हाताशीच असते, आणि मुलांचा हात हटकून तिकडेच जातो.