घाटातल्या रस्त्याने शिकवलेलं

गुहागरच्या किनाऱ्यावरून निघालेला हा रस्ता चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, हेळवाक, पाटण, कराड, कडेगाव, विटा, जत अशी गावं घेत विजापूरला पोचतो. कित्येक वर्षं तो राज्यमार्ग होता, आता १६६-ई क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. रस्त्यांच्या खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी कधी घाटाखाली, कधी घाटमाथ्यावर, याच रस्त्यावर झाली. त्यातून जे पक्कं मनात बसलं ते मांडतो.

१. आधी पाण्याला वाट द्या, मग गाड्यांना.
घाटमाथ्यावरच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे डांबराचा थर किती जाड, हा प्रश्न नंतरचा. डोंगराकडचं गटार माती-पाल्याने तुंबलं की पाणी रस्ता ओलांडून दरीकडची साइडपट्टी खायला लागतं. पुढे कधीतरी डांबरात दरीला समांतर एक बारीक भेग दिसते. ती दिसली की त्या बाजूची वाहतूक त्याच दिवशी थांबवायची. वरून भेग बुजवली तरी खालचा भराव सुटतच राहतो.

हे मला पुस्तकाने कमी आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्या एका मैलकुलीने जास्त शिकवलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. जुलैच्या धुक्यात, डोक्यावर इरलं, खांद्यावर फावडं घेऊन ते रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबायचे. आधी डोंगराच्या अंगाचं तोंड बघायचे, मग रस्ता ओलांडून दरीच्या अंगाला वाकायचे. आत शिरणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी सारखं आहे का, हे बघायला. "रावसाहेब, वर धो धो आणि खाली करंगळीएवढी धार, म्हणजे बाकीचं पाणी रस्त्याच्या पोटात चाललंय," ते म्हणाले होते. दुसरी खूण रंगाची. बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असेल तर काळजी नाही. एकाएकी तांबडं झालं तर आतली माती वाहते आहे. संरक्षक भिंतींत पाणी झिरपायला भोकं ठेवलेली असतात. भर पावसात ती कोरडी दिसली तर समजायचं की ती बुजली आहेत आणि भिंतीमागे पाण्याचा दाब साठतो आहे. तात्या सळई घालून एकेक भोक मोकळं करायचे.

२. मैलकुली नसलेला रस्ता अनाथ असतो.
पूर्वी ठरावीक लांबीवर ही माणसं नेमलेली असायची. कुठल्या वळणावर कातळ आहे आणि कुठे नुसता मुरूम, कुठला ओढा कधी फुगतो, हे त्यांना पाठ असायचं. ती निवृत्त होत गेली, रिकाम्या जागा तशाच राहिल्या आणि काम ठेकेदाराकडे गेलं. जेसीबी गटार चांगलं साफ करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो पावसाळ्याच्या आधी येतो आणि जातो. रात्री दोनला मोरी तुंबते तेव्हा तिथे कोणी नसतं. घाटरस्त्यांवर तरी कायम नेमणुकीची माणसं परत आणली पाहिजेत, असं मला अगदी मनापासून वाटतं. कोसळलेला भराव पुन्हा उभा करण्याच्या खर्चात असे कितीतरी पगार निघतील.

३. रस्ता कोणाच्या गरजेने झाला हे माहीत असावं.
दाभोळ हे विजापूरच्या आदिलशाहीचं मोठं बंदर. तिथला माल वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत होडीने यायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. म्हणजे गुहागर–विजापूर ही जोडी कुणी नकाशावर पट्टी ठेवून आखलेली नाही. इंग्रजी अमलात बैलगाडीचा रस्ता झाला. मग कोयनेचं धरण आणि पोफळीचं जमिनीखालचं वीजघर आलं आणि सिमेंट, पोलाद, यंत्रं घेऊन ट्रक धावू लागले. आज घाटमाथ्यावरून भाजी, दूध, गूळ खाली उतरतात आणि सुकी मासळी वर जाते. घाट चार दिवस बंद राहिला की चिपळूणच्या बाजारात भाजीचा भाव लगेच कळतो.

४. एकाला मिळतं, दुसऱ्याचं बुडतं.
कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली शेतं गेली, गावं गेली, त्यांना जोडणाऱ्या पायवाटा आणि गाडीवाटाही गेल्या. तिथली माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. त्यांतली काही कुटुंबं ग्रामदैवताच्या जत्रेला अजून येतात. ज्या विजेवर आपले दिवे लागतात, तिची किंमत या लोकांनी दिली आहे, आणि ती अजून पुरती फेडली गेलेली नाही.

५. घाटाची दोन्ही टोकं एकाच दिवशी संकटात येऊ शकतात.
११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. मदतीला दोन्हीकडून हाच रस्ता होता. २२ जुलै २०२१ ला खाली चिपळूण बुडालं, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा पूल खचला. आणि त्याच पावसात वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींखाली घरं गाडली गेली. अशा वेळी पूर्ण रस्ता मोकळा करायच्या मागे लागू नये. आधी एक पदर, एक रुग्णवाहिका जाईल एवढा. राडारोडा दरीत ढकलण्याची घाई तर मुळीच नको, खाली वाडी असते.

६. एकच रस्ता, पण एकच नियम चालत नाही.
कोयनेला पाच हजार मिलिमीटर, आणि त्याच रस्त्यावर जतला पाचशेच्या आसपास. घाटात शत्रू पाणी. पूर्वेकडे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं डांबर लाटा आल्यासारखं होतं. तिथे माती काढून मुरूम भरल्याशिवाय वर कितीही खर्च केला तरी वाया. घाटातला चांगला इंजिनिअर जतला बदलून गेला की त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

७. दगडाचा रंग बदलला की जबाबदारी बदलते.
१९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद झाली आणि देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरली: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा म्हणजे राज्यमार्ग, पिवळा म्हणजे राष्ट्रीय. या रस्त्याचे दगड हिरव्याचे पिवळे झाले तसा निधी वाढला, रुंदीकरण आलं. पण रुंदीकरणात जुन्या मोऱ्या फक्त लांबवल्या आणि मोठ्या केल्या नाहीत, तर पहिल्याच अतिवृष्टीत त्याचे परिणाम दिसतात. गावकऱ्यांनी पाहणीच्या वेळी अधिकाऱ्याला मोरीपाशी नेऊन उभं करावं. ओढ्याचं पाणी कुठवर चढतं हे वाडीतल्या म्हाताऱ्या बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं आमच्या नोंदींत नसतं.

८. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यांसाठी.
हेळवाकच्या पुढे धुकं मिळणार हे धरूनच निघा आणि उजेड असतानाच घाट उतरा. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर मध्यावरच ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. धबधब्यापाशी वळणावर गाडी लावून फोटो काढू नका, तिथे वरून दगड येतात. आणि रस्त्याच्या कडेला इरलं पांघरलेलं माणूस गटार मोकळं करताना दिसलं, तर वेग कमी करा.