पहिला उन्हाळा पार करणारी फुलझाडे



नाताळात, कापणीच्या सणाला, लग्नाच्या दिवशी आपण मंदिरात फुलांची मांडणी करतो. वेदीजवळच्या फुलदाणीतील जरबेरा आणि कार्नेशन बहुधा पुणे किंवा बंगळुरूकडच्या हरितगृहांतून आलेली असतात. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या आदिवासी कुटुंबाच्या बांधावरून, परसातून ही फुलदाणी भरता येईल काय? येईल. मात्र त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, आणि या अभ्यासलेखाचा सारा भर तिच्यावरच आहे. ती अशी : रोप देणे सोपे आहे, ते रोप पहिल्या उन्हाळ्यातून जिवंत बाहेर काढणे हीच खरी मदत आहे.

१. बहुवर्षायू झाडेच का?

झेंडू एका हंगामाचा. दर वर्षी नवे बी, नवी मशागत आणि दसरा-दिवाळीला सगळ्यांचा माल एकदम बाजारात. याउलट गुलाब, मोगरा, कामिनी ही झाडे खोड धरतात आणि अनेक वर्षे फुले-पाला देतात. निशिगंधाचा कंद एकदा लावला की तीन वर्षे त्याच वाफ्यात राहतो. दर वर्षीचा बी-बियाण्याचा खर्च वाचतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव तालुक्यांच्या डोंगराळ, मुरमाड भागात आंध समाजाची वस्ती आहे. पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि तूर निघाली की रानात काम उरत नाही. मग अनेक घरे दिवाळीनंतर उसतोडीला किंवा शहराकडे बांधकामावर जातात. मुलांची शाळा अर्ध्यावर राहते. पाच-सात गुंठ्यांच्या फुलबागेने सारे कर्ज फिटेल असे आम्ही म्हणत नाही. पण आठवड्यातून दोनदा हाती पैसा येऊ लागला, तर घरातील एक माणूस मुलांजवळ गावात राहू शकतो.

२. हे आदिवासी शेतकऱ्यांना जमते काय?

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडकडे पाहा. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आणि त्याच्या कळ्या मुंबईला दादरच्या फुलबाजारात जाऊ लागल्या. मोगरा दांड्यासह नव्हे, कळीने विकला जातो. पण धडा तोच आहे.

त्यामागे ‘वाडी’ची कल्पना होती. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. १९८२ मध्ये या संस्थेने दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीचे काम सुरू केले : थोड्या जमिनीवर फळझाडे, कडेने इतर उपयोगी झाडे, आणि झाडे मोठी होईपर्यंत मध्ये भाजीपाला. पुढे हे काम जव्हारलाही आले. त्यात रोपे वाटून कोणी निघून गेले नाही. झाडे हाताशी येईपर्यंत कुटुंबाबरोबर राहणे हा कामाचाच भाग होता.

महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तिचेही सूत्र असेच होते. अनुदान एकदम न देता तीन वर्षांत, जगलेल्या झाडांच्या प्रमाणात. पुढे रोजगार हमीच्या कामांत गुलाब, मोगरा आणि निशिगंधालाही स्थान मिळाले. सध्याचे नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत.

३. एका फुलदाणीला काय काय लागते?

चांगल्या मांडणीत चार गोष्टी असतात : उंच दांडा, डोळ्यात भरणारे मुख्य फूल, मधली भर आणि हिरवा पाला. चारही येथे पिकतात.

उंच दांडा – निशिगंध. कंद साधारण २० ते ३० ग्रॅमचे, निरोगी निवडावेत. काढलेले कंद तीन-चार आठवडे सावलीत ठेवून एप्रिल ते जूनमध्ये, पाण्याची सोय पाहून लावावेत. दोन ओळींत ३० आणि दोन कंदांत २० सेंमी अंतर ठेवल्यास एका गुंठ्यात सुमारे १,६०० कंद बसतात. पाट-वाटा सोडल्या तर थोडे कमी. तीन-चार महिन्यांत दांडे येऊ लागतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा त्रास जेथे आहे, तेथे ‘शृंगार’ ही जात तग धरते. फुलदाणीसाठी दुहेरी पाकळ्यांच्या जाती अधिक भरदार दिसतात.

मुख्य फूल – गुलाब आणि शेवंती. उघड्या रानात ‘ग्लॅडिएटर’सारखा लाल गुलाब चालतो. पावसाळा संपल्यावर छाटणी करावी. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फुले येतात. नाताळासाठी फुले हवी असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही झाडे छाटावीत. शेवंतीला फुलण्यासाठी मोठी रात्र लागते, म्हणून ती आपोआप नोव्हेंबर-डिसेंबरात बहरते. लावणीनंतर महिन्याभराने शेंडा खुडावा म्हणजे फुटवे वाढतात. तिचे जुने खुंट धुमारे देतात. त्यांतूनच पुढच्या वर्षीची रोपे करावीत.

मधली भर – गोल्डन रॉड. पिवळ्या तुऱ्यांचे हे झाड बुडाशी फुटवे देत पसरते. दांडे कापले की पुन्हा फुटते.

हिरवा पाला – कामिनी, म्हणजेच आपली कुंती. हे काटक झुडूप कमी पाण्यावर तगते आणि बांधाला कुंपणही होते. पाला चकचकीत असतो व पाण्यात बरेच दिवस टिकतो. पुष्पगुच्छ बांधणाऱ्याला फुलांइतकाच पाला लागतो, ही गोष्ट शेतकऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. ज्यांची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, त्यांनी सुरुवात कामिनीपासून करावी.

काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी साचून शेवंती आणि निशिगंध सडतात. तेथे गादीवाफेच करावेत. मुरमाड जमिनीत निचऱ्याची चिंता नाही, पण शेणखत भरपूर लागते. जंगलातील पळस-बहाव्याच्या फांद्या तोडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्या लवकर माना टाकतात, आणि जंगल ओरबाडून केलेला धंदा टिकत नाही.

४. पहिला उन्हाळा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जूनमध्ये लावलेले रोप पावसाळ्यात जोमाने वाढते आणि सगळ्यांना आनंद होतो. फेब्रुवारीत ऊन तापू लागते. मुळे अजून खोल गेलेली नसतात. झाड मरते ते तेव्हा.

हिशेब करून पाहू. मोगरा ४ फूट बाय ४ फूट लावला, तर एका गुंठ्यात सुमारे ७० झाडे होतात. प्रत्येकाला चार दिवसांनी ५ लिटर पाणी धरले तरी एका वेळेस ३५० लिटर लागतात. म्हणजे १५ लिटरचे तेवीस-चोवीस हंडे. ते बहुधा घरातील बाईच्याच डोक्यावर येतात, आणि तेही पिण्याच्या पाण्यासाठी रांग असताना. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अशा तीस पाळ्या होतात. एकूण साडेदहा हजार लिटर. ५,००० लिटरच्या दोन टँकरांहून थोडेसेच जास्त! एवढ्यावर एका गुंठ्याची बाग जगते किंवा मरते.

हे ओझे हलके करण्याचे उपाय गावातच आहेत :

• मटका सिंचन – बुडाला बारीक छिद्र पाडून, त्यात कापडाची वात घालून मातीचे मडके रोपाजवळ पुरावे. पाणी थेट मुळाशी झिरपते, वर वाळत नाही.
• आच्छादन – सोयाबीनचे भुसकट, किंवा वसमतकडे हळद काढल्यावर उरणारा पाला रोपाभोवती चार बोटे जाड पसरावा.
• सावली – पहिल्या वर्षी पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा आडोसा करावा.
• मोजके लावणे – पाणी ७० झाडांचे असेल तर ७०च लावावीत. शंभर लावून चाळीस जगवण्यात कुटुंबाचा धीर खचतो.

५. कापणी आणि मांडणी

फुले पहाटे किंवा ऊन उतरल्यावर कापावीत आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभी करावीत. निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की दांडा कापावा. वरच्या कळ्या फुलदाणीत फुलतात. गुलाब कळी सैल होऊ लागताच घ्यावा. टोक तिरपे कापावे. कामिनीसारख्या लाकडी फांदीचे टोक चाकूने बोटभर चिरावे, म्हणजे पाणी नीट चढते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की दांडा तुंबतो. पाणी रोज बदलावे. पिकलेली फळे फुलांजवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या वायूने फुले लवकर कोमेजतात.

फुले खोचण्यासाठी हिरवा स्पंज मिळतो. तो प्लास्टिकच्या जातीचा असून मातीत विरत नाही. त्याऐवजी पसरट भांड्यात कोंबड्यांच्या जाळीचा गोळा बसवावा. तो वर्षानुवर्षे वापरता येतो.

६. आपला वाटा

माल कोठे खपेल? हिंगोली, वसमत, नांदेडचे फुलवाले आहेत; औंढा नागनाथ, नरसी नामदेव येथे भाविकांची ये-जा असते. पण नवख्या शेतकऱ्याला पहिले गिऱ्हाईक ओळखीचे असले तर बरे. ते गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. अट एकच : ऋतूप्रमाणे जे फुलेल ते घ्यायचे. सप्टेंबरात निशिगंध, डिसेंबरात शेवंती आणि गुलाब, मार्चनंतर मोगरा, आणि जेव्हा फूल नसेल तेव्हा नुसता हिरवा पाला. भाव ठरवताना त्यातून घासाघीस करायची नाही.

लागवडीविषयी सल्ला हवा असल्यास कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळ आहेत.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत वर्षभरात फुलांवर किती खर्च होतो? त्यातील किती रक्कम जिल्ह्यातच राहते?
२. यापूर्वी आपण वाटलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत? कोणी जाऊन मोजली आहेत काय?
३. एका कुटुंबाच्या एका गुंठ्याचे उन्हाळी पाणी आपला गट उचलू शकेल काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर संकोच बाळगू नये. येत्या मे महिन्यात दोघांनी तिघांनी मिळून गावात जावे, झाडे मोजावीत, आणि जाताना पाण्याचे दोन कॅन बरोबर न्यावेत.