पाण्याखाली कुंभक नाही



दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव, इंदूर, बडोद्याची आपली बरीच कुटुंबं मालवण-तारकर्लीला जातात, आणि मुलांचा हट्ट ठरलेला असतो, "स्कूबा करायचंच!" म्हणून या वेळचा पाठ पाण्याखालच्या श्वासाचा. आपण रोज प्राणायाम करणारे, तेव्हा हे सोपंच वाटेल. पण नेमकं आपणच ते जपून समजून घ्यायला हवं.

मालवणची जागा नवख्यांसाठी चांगली. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते बेट आणि भोवतीचे खडक लाटा अडवतात. पर्यटकांना नेतात ती खोली साधारण दहा मीटरच्या आतलीच. त्यामुळे "एवढ्याशा पाण्यात काय व्हायचंय?" असं वाटतं. इथेच फसगत होते.

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पाच मीटरवर दाब दीडपट, दहावर दुप्पट. टाकीतून तोंडात येणारी हवाही तेवढ्याच दाबाची मिळते, म्हणून छाती सहज भरते. आता पाच मीटरवर चार लिटर हवा भरून कोणी श्वास कोंडला आणि तसाच वर आला, तर तीच हवा वर येईपर्यंत सहा लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर एक-दीड मीटरवरूनही हे घडू शकतं, कारण हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती वरच्याच थरात. (वरून दम भरून बुडी मारणाऱ्याचं वेगळं. त्याची हवा खाली आक्रसते आणि वर येताना होती तेवढीच होते.)

म्हणून तिथे पूरक आणि रेचक, एवढंच. घाबरलं की कोणीही श्वास धरतो. ज्यांना कुंभकाचा अभ्यास आहे त्यांचा तर न कळत धरला जाईल. मास्कने नाक झाकलेलं असतं, श्वास तोंडानेच. जाण्याआधी आठवडाभर घरी तोंडाने संथ श्वास घेऊन लांब सोडायचा सराव करावा. किनाऱ्याजवळ कमरेभर पाण्यात शिकवतात, तेही घाईत उरकू देऊ नये.

कानाचं असं, की दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, उतरताना दर दोन-तीन फुटांवर. जोर लावायचा नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी काठावर बसून भजी खावीत.

खुणांमध्ये एक गंमत आहे. अंगठा वर केला म्हणजे "छान" नव्हे, "मला वर न्या". "ठीक आहे" सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवायची, आपली ज्ञानमुद्राच जवळजवळ!

फॉर्मवर दमा, हृदयविकार, फिट्स लपवू नका. सगळे चाललेत, मीच कशी मागे राहू, म्हणून काकू-मावश्या दम्याच्या पंपाचं बोलतच नाहीत असं आम्ही पाहिलं आहे. दम्यात हवा आत अडकते, आणि अडकलेली हवा काय करते ते वर आलंच आहे. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

पोवळ्यांना हात लावू नये. ते दगड दिसले तरी जिवंत आहेत, आणि मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे.

परतीचंही बघा. डुबकीनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन असतो, म्हणून एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि जास्त डुबक्या झाल्या तर १८ तास विमानात बसू नये. इंदूर-हैदराबादवाल्यांनी तिकीट त्या हिशोबाने काढावं. बेळगावकरांनो, आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. सकाळी डुबकी आणि दुपारी आंबोली घाट, असं करू नका. रात्रीचा मुक्काम मालवणातच ठेवा.