फुटलेलें शेततळें आणि भरपाईची जबाबदारी

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी, जत, खानापूर या कोरड्या भागांत, तसेंच सातारा जिल्ह्याच्या माण-खटाव बाजूस शेततळ्यांचा प्रसार झाला आहे. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु चढावरच्या रानांत सांठविलेलें पाणी बांध फोडून खालच्या शेजाऱ्याच्या डाळिंबांत शिरलें, तर त्याची भरपाई कोणीं करावी, याचा विचार तळें खोदतांना क्वचितच होतो. तो आज येथें करूं.

असा प्रसंग आला कीं आपले लोक प्रथम पोलीस पाटलाकडे धांवतात. वास्तविक हा बहुधा गुन्ह्याचा विषय नव्हे. गुन्ह्यांत सरकार शिक्षा करवितें. झालेलें नुकसान पैशानें भरून देवविणें हें दिवाणी कोर्टाचें काम. दोघांत कांहीं करार नसतांहि, एकानें दुसऱ्याविषयींचें कर्तव्य मोडल्यानें जी हानि होते, तिच्या मुळाशीं असलेल्या कृत्यास कायद्यांत 'अपकृत्य' म्हणतात. 'माझ्या मनांत वाईट नव्हतें' हें उत्तर तेथें पुरें पडत नाहीं. समंजस शेतकऱ्यानें जी काळजी घेतली असती ती घेतली होती काय, हें कोर्ट पाहतें. सांडवा ठेवला होता काय? भराव नीट दाबला होता काय? खेकड्यांनीं व उंदरांनीं पाडलेलीं बिळें दिसत असतां तीं बुजविलीं होतीं काय?

सांठविलेल्या पाण्याच्या बाबतींत विलायती कायदा याहूनहि कडक झाला. तेथील एका गिरणीवाल्याच्या तळ्याचें पाणी जमिनींतील जुन्या बंद विवरांच्या वाटेनें शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. मालकाची स्वतःची हयगय नव्हती. बांधकाम त्यानें नेमलेल्या जाणत्या लोकांनीं केलें होतें. तरीहि १८६८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यासच जबाबदार धरलें. निसर्गतः नसलेली व सुटल्यास अपाय करणारी वस्तु जो आपल्या जमिनीवर आणून सांठवितो, त्यानें ती स्वतःच्या जोखमीवर सांठवावी, असें हें 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या निवाड्याचें तत्त्व आहे.

आपल्याकडे तें सरसकट लागू होत नाहीं. मद्रास इलाख्यांतील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचें नुकसान झालें, तेव्हां १८७४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें रेल्वेस भरपाई नाकारली. तलाव पुरातन होते, रयतेच्या उपयोगाचे होते, ते राखणें हें जमीनदाराचें कर्तव्यच होतें, आणि त्याची हयगय ठरली नव्हती. आमच्या मतें, केवळ स्वतःच्या बागेसाठीं कालपरवां खणलेल्या तळ्याच्या मालकानें या दुसऱ्या निवाड्यावर फार विसंबूं नये.

दैवी आपत्तीचा बचाव आहे खरा. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें, तसा प्रसंग असेल तर गोष्ट निराळी. परंतु मृगाची एखादी जोराची सर ही दैवी आपत्ती नव्हे. उलट, वरच्या रानांतील पावसाचें पाणी आपसूक उताराला आलें, तर खालच्यानें तें येऊं दिलेंच पाहिजे. त्यानें आडवा बांध घालून पाणी तुंबविलें व पीक धोक्यांत आणलें, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते.

विजेची गोष्टहि पाण्यासारखीच. मध्य प्रदेशांत रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेनें एक सायकलस्वार मरण पावला. वीज चोरणाऱ्या तिऱ्हाइताचें हें काम, असें वीज मंडळ म्हणालें. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बचाव मानला नाहीं. वाळवा-कराडकडे लोंबत्या तारा एकमेकींस घासून ठिणगीनें ऊंस पेटला, तर या तत्त्वाचा आधार घेतां येईल.

जळित उंसाचा भाव कारखान्यांत कापला जातो. ती कपात व वजनांतील घट मिळून मागणीचा आंकडा ठरतो. मात्र नुकसान वाढूं न देणें हें वादीचेंहि काम आहे. जळालेला ऊंस तोडण्याची सोय असतां तो उगाच उभा वाळूं दिला, तर त्या वाढीव तोट्याचे पैसे मिळणार नाहींत. पंचनामा त्याच दिवशीं करवावा, छायाचित्रें घ्यावीं आणि सात-बाऱ्यावर त्या पिकाची नोंद आहे ना, तें पाहावें. पिकाच्या वा जमिनीच्या हानीच्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें साधारणतः तीन वर्षें मिळतात. माणूस दगावला असल्यास १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालीं वारसांस दोनच.