अंतर्गत गुदभ्रंश : छायाचित्र आणि तक्रार

शौचाविषयीची तक्रार आपल्याकडे जितक्या आडवळणाने सांगितली जाते तितकी बहुधा दुसरी कोणतीही सांगितली जात नाही. आणि त्यामुळे ‘पोट साफ होत नाही’ एवढ्या मोघम उद्गारामागे नेमकी कोणती पीडा आहे याचा उलगडा रोग्याला, त्याच्या घरच्यांना आणि कित्येकदा त्याच्या डॉक्टरांनाही वर्षानुवर्षे होत नाही. एखाद्याला आठवड्यातून दोनदाच वेग येतो. त्याचे आतडे मंद आहे असे म्हणता येईल. परंतु दुसऱ्या एखाद्याला वेग रोज, किंबहुना दिवसातून चार-पाच वेळा येतो, आणि प्रत्येक खेपेस बराच वेळ कुंथूनही काहीतरी आत अडकून राहिल्याची भावना घेऊनच तो उठतो. आजचे विवेचन या दुसऱ्या वर्गातील वाचकांसाठी आहे.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अखेरचा, सुमारे १२ ते १५ सेंटीमीटर लांबीचा भाग. कुंथताना त्याच्या भिंतीची वळी होऊन ती, अंगरख्याची बाही आतल्या आत गुंडाळत जावी तशी, स्वतःच्याच पोकळीत खाली उतरते. ही वळी गुदद्वाराबाहेर आली म्हणजे तो उघड गुदभ्रंश, आणि तो रोग्यालाच दिसत असल्यामुळे त्याच्या निदानात सहसा गफलत होत नाही. ती आतच थांबली तर तो अंतर्गत गुदभ्रंश. ऑक्सफर्ड येथील शल्यविशारदांनी गुदभ्रंशाच्या पाच पायऱ्या लावून दिल्या आहेत : पहिल्या दोहोंत वळी गुदाशयातच राहते, तिसरीत ती गुदमार्गाच्या मुखाशी टेकते, चौथीत मार्गात शिरते, आणि पाचवी म्हणजे उघड भ्रंशच.

लक्षणे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. खाली उतरलेली वळी हाच मल आहे अशी गुदाशयाची समजूत होते, म्हणून तो रिकामा असतानाही वेग येतो. वेग येतो म्हणून रोगी कुंथतो, आणि कुंथण्याने वळी अधिकच खाली येते. दोन-तीन बाळंतपणे झालेली एखादी गृहिणी प्रथम अपचन, मग कंबरदुखी असे सांगत सांगत, दाराकडे एकवार पाहून, अखेर आवाज खाली आणून म्हणते की, बोटाने दाबल्याशिवाय शौच उतरतच नाही. कोणी योनिमार्गातून मागच्या बाजूस दाब देते, कोणी गुदद्वाराच्या पुढचा भाग तळहाताने उचलून धरते, तर कोणाला प्रत्यक्ष बोट घालून मल काढावा लागतो. यात लाजण्यासारखे काही नाही. निदानाच्या दृष्टीने हा तपशील इतका मोलाचा आहे की, डॉक्टरांनी विचारले नाही तर तो आपण होऊन सांगावा.

याखेरीज आव पडणे, बूड जड वाटणे, नकळत मल पाझरून कपड्याला डाग लागणे, आणि रक्त. सततच्या घर्षणाने व रक्तपुरवठा तोकडा पडल्याने गुदाशयाच्या, बहुधा पुढील, भिंतीवर व्रण होतो. मॅडिगन व मॉर्सन यांनी १९६९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हा व्रण दिसण्यात कधी कर्करोगासारखा, कधी आतड्याच्या दाहासारखा असल्यामुळे त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. आपल्याकडे मात्र रक्त दिसले की मूळव्याध, असा सरसकट फैसला होतो आणि ‘मोड काढून देतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही इसमाच्या हाती शरीर सोपवले जाते. रक्त पडत असेल, वजन घटत असेल, पंडुरोग दिसत असेल, किंवा उतारवयात शौचाची वहिवाट एकाएकी बदलली असेल, तर दुर्बिणीने आतडे तपासून घेण्यास विलंब करू नये.

परंतु हीच दुर्बीण अंतर्गत भ्रंशाच्या बाबतीत बहुधा काहीच सांगत नाही. कारण ती तपासणी रोगी आडवा, आतडे हवेने फुगवलेले आणि कुंथण्याची क्रिया थांबलेली अशा अवस्थेत होते, आणि हा विकार तर केवळ कुंथतानाच प्रकट होतो. म्हणून डिफेकोग्राफी. पिठल्याइतपत दाट केलेले बेरियम गुदाशयात भरून रोग्याला क्ष-किरण आरपार जातील अशा कमोडवर बसवतात. ‘आवळून धरा’, ‘कुंथा’, ‘आता सोडा’ असे तीन हुकूम दिले जातात, आणि बाजूने चलच्चित्र घेतले जाते. संकोच होतो हे खरे, पण तपासणी काही मिनिटांची असते. एमआरआयने हीच परीक्षा करताना बेरियमऐवजी जेल भरतात. किरणोत्सर्ग होत नाही आणि मूत्राशय, गर्भाशय, खाली सरकलेले लहान आतडे ही सारी शेजारची मंडळीही एकाच चित्रात हजर होतात. तथापि बहुतेक एमआरआय यंत्रांत आडवे पडूनच शौच करावे लागत असल्यामुळे बसून दिसली असती अशी वळी त्यात निसटू शकते, आणि ज्याला त्या अवस्थेत मल सोडताच आला नाही त्याच्या निर्दोष अहवालावर मी तरी विसंबत नाही.

याच्या उलट चूक अधिक घातक. १९८९ साली शॉर्व्हन व सहकाऱ्यांनी काहीही तक्रार नसलेल्या ४७ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांची डिफेकोग्राफी केली, तेव्हा सुमारे निम्म्यांत अशी वळी आढळली, आणि बहुसंख्य स्त्रियांत गुदाशयाचा पुढे आलेला फुगवटाही. सबब अहवालात वळीची नोंद आहे एवढ्यावरून शस्त्रक्रियेची तजवीज करणे म्हणजे निम्म्या निरोगी जगाला टेबलावर घेणे होय. पायरी कोणती, तक्रार तिच्याशी जुळते का, आणि कुंथताना गुदमार्गाचे स्नायू सैल होण्याऐवजी उलट आवळले जातात की काय, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मॅनोमेट्रीने, म्हणजे गुदमार्गातील दाब मोजण्याच्या तपासणीने, आणि पाण्याने भरलेला लहानसा फुगा बाहेर टाकण्याच्या साध्या परीक्षेने मिळते.

स्नायूंचा असा उलटा व्यवहार आढळला तर बायोफीडबॅक, म्हणजे पडद्यावर दाब पाहत पाहत स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण, हा पहिला उपाय. आणि तो मनापासून केला तर कित्येकांना शस्त्रक्रियेची पायरी चढावी लागत नाही. त्याच्या जोडीला पेलाभर पाण्यातून इसबगोल, जेवणानंतर येणारा वेग न दडपणे, संडासात मोबाईल न नेणे आणि दहा मिनिटांत काही झाले नाही तर उठणे. कमोडवर पायाखाली पाट घेतला की उकिडवे बसल्यासारखा कोन साधून मलाची वाट सरळ होते. पण उकिडवे बसूनही अर्धा तास कुंथणाऱ्याला या आसनाचा लाभ नाही. सोनामुखीची चूर्णे रोज घेण्याने येथे काहीही साधत नाही, कारण अडचण मल पोहोचण्याची नसून बाहेर पडण्याची आहे.

काही महिन्यांच्या अशा उपचारानेही पीडा हटली नाही आणि भ्रंश वरच्या पायरीचा असला, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील शल्यविशारद द’होर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पोटातून दुर्बिणीने गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला जाळी शिवून ती त्रिकास्थीशी बांधतात. मागचे मज्जातंतू त्यात अबाधित राहतात, म्हणून जुन्या पद्धतींनंतर बळावणारा मलावरोध येथे कमी आढळतो. जाळी आतून झिजून बाहेर येण्याचा धोका विरळा असला तरी शून्य नाही, आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीने ती गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे. शस्त्रवैद्याकडे जाताना अहवालाचा कागद तेवढा नेऊ नये. चलच्चित्राची सीडी न्यावी, सोबत दोन आठवड्यांची नोंद न्यावी (कितीदा वेग आला, किती वेळ बसलो, बोट लावावे लागले का), आणि ते चित्र आपल्यासमोर लावून, कोणत्या तक्रारीला त्यातील कोणती गोष्ट जबाबदार आहे, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे.