लोखंडाच्या रसाची पळी

स्वयंपाकघरात आमटी वाढण्यास पळी लागते. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाचा रस भट्टीपासून साच्यापर्यंत नेण्यासही एक भांडे लागते. त्यास ‘लॅडल’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पळी असाच आहे. परंतु ही पळी साधी नव्हे. मोठ्या लॅडलमध्ये कित्येक टन रस मावतो, आणि साच्यात ओतताना त्याचे तापमान १३०० अंश सेल्सिअसच्याही वर असते. कोल्हापूरच्या ओतशाळांतून मोटारींचे व यंत्रांचे असंख्य लोखंडी भाग तयार होतात, ते या भांड्याच्याच साहाय्याने.

लॅडलचे बाहेरील कवच पोलादी असते. नुसत्या कवचात रस ओतला, तर पोलाद तापून मऊ पडेल आणि त्यास भोक पडावयास वेळ लागणार नाही. म्हणून आतून उष्णता सोसणाऱ्या विटांचे किंवा मातीचे जाड अस्तर देतात. कारागीर त्यास ‘लायनिंग’ म्हणतात. हे अस्तर ओलसर राहता कामा नये. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. रसाखाली कोंडलेली अशी वाफ उसळली, की धगधगते लोखंड चहूकडे उडते. यास्तव रस घेण्यापूर्वी लॅडल आतून चांगले तापवून घेतात. ज्या ओतशाळेत या कामी घाई होते, तेथे अपघातास आमंत्रणच मिळते.

भांड्याच्या काठास पुढे आलेला भाग म्हणजे ‘चोच’. तिच्यातून रसाची धार साच्यात पडते. रसावर मळी तरंगत असते. ती साच्यात शिरली तर ओतीव वस्तू सदोष होते. ही अडचण दूर करण्यासाठी काही लॅडलमध्ये चोचीच्या आत एक आडवी भिंत घालतात. भिंतीखालून वाट असते. त्यामुळे रस तळाकडून वर चढून चोचीतून पडतो आणि मळी मागेच राहते. चहाच्या किटलीची तोटीही तळाजवळून निघते. म्हणूनच या प्रकारास ‘टी-पॉट लॅडल’ हे गमतीचे नाव पडले.

लॅडलच्या दोन्ही बाजूंस दोन मजबूत खुंट असतात. त्यांना ‘ट्रनियन’ म्हणतात. त्यांत अडकवलेली मोठी कडी यारीच्या आकड्याला लावतात. भांडे या दोन खुंटांवरच कलते, आणि सर्वांत मोठा धोका तेथेच असतो.

पूर्वी मोठे लॅडल कलते करण्यासाठी अनेक मजूर लांब दांडे धरून एकाच वेळी जोर लावीत. त्यांपैकी एकाचा जरी हात निसटला, तरी भांडे हिसका घेई, रस सांडे आणि माणसे होरपळत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जेम्स नेस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याचा कारखाना होता. १८३८ साली त्याने या भांड्यास एक नवी जोड दिली. खुंटावर त्याने एक दातेरी चाक बसविले व त्या दात्यांत एक मळसूत्र अडकविले. मळसूत्र फिरविले की चाक सावकाश फिरते. परंतु चाकाला मळसूत्र उलट फिरविता येत नाही. त्यामुळे हात काढून घेतला तरी भांडे जेथल्या तेथे थांबते. अनेकांचे काम एक मनुष्य निर्धास्तपणे करू लागला. नेस्मिथने या शोधाचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले नाहीत. उलट त्याचे आराखडे त्याने देशोदेशींच्या ओतशाळांना पाठवून दिले.

आजही अनेक लॅडलांच्या बाजूस एक पेटी व तिच्याबाहेर एक हातचाक दिसते. नेस्मिथची ती जोडी त्या पेटीतच असते. शिवाय भांडे उचलून नेताना ते आपोआप कलू नये म्हणून कडीपाशी एक खिटी असते. ती नीट बसली आहे की नाही, हे पाहिल्यावाचून जाणता कारागीर यारी चालविणाऱ्यास खूण करीत नाही.